'योग्य' कोण आणि 'उत्तम' कोण? : उत्क्रांतिविचार, शिक्षण आणि आपला समाज

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



कार्यकारिणीने या विषयावर बोलण्यास सांगितले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत लेखनिक म्हणून लागलो आणि गेली अनेक वर्षे काउंटरवर लोकांचे पैसे मोजत आहोत. परंतु विषयाचा थोडाबहुत अभ्यास करताना लक्षात आले, की हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. शाळेच्या तुकडीत, नोकरीच्या मुलाखतीत, चहाच्या टेबलावर आणि आपल्या या संस्थेच्या अभ्यासिकेतही तो रोज उभा असतो. तो कसा, हे सांगण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

प्रथम मूळ सिद्धांत पाहू. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' नावाच्या जहाजावरून जगभर फिरले आणि १८५९ साली त्यांचा 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आल्फ्रेड वॉलेस हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. 'माणूस माकडापासून झाला' असे आपण सहज बोलून जातो, ते बरोबर नाही. आजची माकडे आणि आजचा माणूस यांचे फार प्राचीन काळी पूर्वज एक होते, असे विज्ञान सांगते. एका आईची संतती पूर्णपणे सारखी नसते. ज्या जिवाचा एखादा गुण त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, त्याची संतती किंचित अधिक टिकते, आणि तो गुण पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

किंचित फरकाने एवढे मोठे बदल कसे होतील, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना आम्ही आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. शेकडा १ दराने १,००० रुपये चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर १०० वर्षांनी त्यांचे सुमारे २,७०० रुपये होतात. यात विशेष काही वाटत नाही. पण तीच रक्कम १,००० वर्षे राहिली, तर ती २ कोटी ९ लाखांच्या वर जाते. आणि निसर्गाच्या खात्यावर हजार नव्हे, कोट्यवधी वर्षे जमा आहेत!

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. या सिद्धांतात 'योग्य' म्हणजे त्या वेळच्या परिस्थितीला जुळणारा, एवढाच अर्थ आहे. 'योग्य' म्हणजे चांगला, थोर किंवा वरच्या दर्जाचा, असा अर्थ त्यात नाही. परिस्थिती बदलली की कालचा योग्य आज अयोग्य ठरतो.

पण हा साधा अर्थ लवकरच बाजूला पडला. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८६४ साली 'सर्वांत योग्य तोच टिकतो' या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला आणि पुढे १८६९ च्या आवृत्तीत डार्विननीही तो स्वीकारला. शाळेत विज्ञान शिकवावे असा आग्रह धरणारा हाच स्पेन्सर सरकारने गरिबांना मदत करण्याच्या आणि सरकारी खर्चाने शिक्षण देण्याच्या विरुद्ध होता. दुर्बळांना सावरणे म्हणजे निसर्गाच्या कामात ढवळाढवळ, अशी त्याची धारणा होती. आपल्या मराठीत याला जुना शब्द आहे : बळी तो कान पिळी. फरक एवढाच की, आता कान पिळणाऱ्याच्या हातात विज्ञानाचे प्रमाणपत्र आले.

डार्विनचे नातलग फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली 'युजेनिक्स' हा शब्द बनवला. आपल्याकडे त्याला सुप्रजाशास्त्र म्हणतात. चांगल्या वंशाची प्रजा वाढवावी आणि हलक्या वंशाची थांबवावी, हा त्याचा गाभा. 'चांगला' आणि 'हलका' हे कोण ठरवणार? अर्थात जे आधीच वर बसले आहेत तेच! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. त्या देशात अशा कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ साली असाच कायदा केला आणि सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. तेथून छळछावण्यांपर्यंतचा रस्ता लांब नव्हता.

आता शिक्षणाकडे वळू. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली आपल्या सहकाऱ्यासह बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. तिचा हेतू अत्यंत कनवाळू होता. वर्गात मागे पडणारी मुले कोणती हे वेळीच ओळखावे आणि त्यांना विशेष मदत द्यावी, एवढाच तो हेतू. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, या मताचा बिने यांनी निषेधच केला होता. परंतु ही चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग उलटा झाला. ज्या पट्टीने मदत कोणाला हवी हे मोजायचे, तिनेच कोणाला बाहेर ठेवायचे हे मोजू लागले. पहिल्या महायुद्धात तेथील १७ लाखांहून अधिक सैनिकांची अशी चाचणी घेण्यात आली. इंग्रजी न येणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या माणसांना कमी गुण मिळाले आणि त्यावरून त्यांचा वंशच मंद आहे असा निष्कर्ष काढला गेला. हा निष्कर्ष मांडणारे कार्ल ब्रिगॅम यांनी पुढे १९३० साली तो स्वतःच मागे घेतला. पण तोवर १९२४ चा कायदा होऊन अनेक देशांच्या लोकांना अमेरिकेची दारे जवळजवळ बंद झाली होती.

दुसरी एक घटना उद्बोधक आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९२५ साली सरकारी शाळांत माणसाच्या उत्क्रांतीचे शिक्षण देण्यास बंदी केली. जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला होऊन त्याला १०० डॉलर दंड झाला. तो कायदा १९६७ साली रद्द झाला. धर्माच्या नावाने विज्ञानाचे तोंड बंद करणे चूकच होते. पण त्या खटल्यातील पाठ्यपुस्तक उघडून पाहिले तर काय दिसते? उत्क्रांतीच्या धड्याबरोबरच त्यात मानवी वंशांची उतरंड लावलेली होती, गोऱ्यांना सर्वांत वर बसवले होते आणि सुप्रजाशास्त्राची शिकवणही होती. म्हणजे एका बाजूला विज्ञान नाकारणारे आणि दुसऱ्या बाजूला विज्ञानाच्या पानात वर्णद्वेष मिसळणारे. विद्यार्थी मित्रहो, आपल्याला या दोहोंपासून सावध राहायचे आहे.

ही सावधगिरी केवळ परदेशापुरती नको. २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे विधान केले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढावे लागले. २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे खरे. पण दहावीनंतर जी मुले विज्ञान घेत नाहीत, त्यांचे काय? आम्हीही त्यांतलेच होतो. सर्व माणसांचे मूळ एक आहे, हे शास्त्राने सांगितलेले सत्य कानावर न पडताच ही मुले शाळेबाहेर पडणार.

आणि हे सत्य आपल्या देशात विशेष मोलाचे आहे. डार्विन यांचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१ साली आला आणि महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली. दोहोंचा परस्परांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण ब्रह्मदेवाच्या निरनिराळ्या अवयवांपासून निरनिराळी माणसे जन्मली, या कथेची जोतीरावांनी तेथे जी झडती घेतली, तिला जीवशास्त्राने पुढे पुराव्यांचे पाठबळ दिले. आज आपल्याला ठाऊक आहे, की कोणत्याही दोन माणसांची जनुकीय रचना सुमारे ९९.९ टक्के सारखी असते.

इंग्रजी राजवटीत हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची प्रतवारी लावण्याचा उद्योग केला. पूज्य बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात नाकांची हीच मापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत, असा निष्कर्ष त्याच आकड्यांतून काढून दाखवला. विरोधकाच्या हिशोबवहीतूनच त्याची चूक काढणे, हे बाबासाहेबांचे वैशिष्ट्य! महाराष्ट्रातील थोर मानववंशशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांचेही येथे स्मरण होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये शिकत होत्या आणि त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते होते. कवट्यांची मोजमापे घेऊन इरावतीबाईंनी जो प्रबंध लिहिला, त्यातून त्या मार्गदर्शकांना हवा असलेला वंशभेद सिद्ध झाला नाही. सत्य सांगण्यास पदवी पणाला लावावी लागते, ती अशी.

जातिव्यवस्था हेच आमचे सुप्रजाशास्त्र, असे सांगणारे विद्वान आपल्याकडेही निघाले होते. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. जात जर रक्त शुद्ध ठेवण्यासाठी असेल, तर सहभोजनावर बंदी कशासाठी? एका पंक्तीत जेवल्याने रक्त बदलते काय? आणि शेकडो वर्षे निवडून निवडून उत्तम प्रजा तयार केली म्हणता, तर बहुसंख्य माणसे उंचीने आणि ताकदीने इतकी खुजी का राहिली?

याच भाषणात शिक्षणासंबंधीचा मोठा विचार आहे. माणसाचे कर्तृत्व तीन गोष्टींवर अवलंबून असते : त्याला मिळालेली आनुवंशिकता, आईबापांकडून व समाजाकडून मिळालेला वारसा म्हणजे संगोपन, शिक्षण इत्यादी, आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांत जो कमी पडेल त्याला कमी मिळावे, हे समजू शकते. पण पहिल्या दोन बाबतींत जे जन्मतःच मागे, त्यांना शर्यतीच्या सुरुवातीलाच मागे उभे केले, तर जिंकणारा धावण्यात श्रेष्ठ होता हे कसे कळणार? समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त कार्य हवे असेल, तर सुरुवातीला सर्वांना शक्य तितके समान पातळीवर आणले पाहिजे, असे बाबासाहेबांचे म्हणणे आहे.

या विचाराचे एक मूळ कोलंबिया विद्यापीठात सापडते. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते आणि प्रा. जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. योगायोग असा, की ड्यूई यांचा जन्म १८५९ चा, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या वर्षीचा. ड्यूई यांनी उत्क्रांतीपासून घेतलेला धडा स्पेन्सरपेक्षा निराळा होता. जग स्थिर नाही, कोणताही साचा कायमचा नाही, म्हणून वाढत राहणे हेच जीवन आणि त्या वाढीला वाव देणे हेच शिक्षण, असे त्यांनी मांडले. गाईचे वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते. माणसाचे मूल वर्षभर पायावर उभे राहत नाही. मग मूल दुर्बळ म्हणायचे काय? नाही. हे दीर्घ परावलंबनच माणसाचे सामर्थ्य आहे, कारण त्या काळात ते शिकत असते. निसर्गाने माणसाला शिंगे दिली नाहीत, शिकण्याची क्षमता दिली, आणि ती फुलण्यासाठी सांभाळणारी माणसे आवश्यक ठेवली. डार्विन यांनीही १८७१ च्या ग्रंथात, ज्या समूहात परस्परांविषयी सहानुभूती अधिक तो समूह अधिक भरभराटीस येतो, असे म्हटले आहे. हा डार्विन मात्र फारसा कोणी सांगत नाही.

आता धम्माकडे येऊ. काही मंडळी उत्साहाने म्हणतात, की उत्क्रांतीचा शोध भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच लावला होता. असे आपण म्हणू नये. 'आमच्या ग्रंथात सगळे आधीच होते' ही खोड आपण इतरांत पाहतो आणि हसतो. ती आपल्याला लागू नये. तथागतांनी अनित्यता सांगितली, प्रत्येक गोष्ट कारणांमुळे घडते हे सांगितले. तो वैज्ञानिक सिद्धांत नव्हे, पण विज्ञानाला घाबरणार नाही असे मन त्यातून घडते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त पाहावे. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केलेला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, ब्राह्मण जन्माने की कर्माने, असा वाद घेऊन येतात. तेव्हा तथागत सांगतात, की गवत, किडे, पशू, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी शरीरचिन्हे आढळतात. माणसांत तशी आढळत नाहीत.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका आपला आजचा प्रश्न घेतला आहे. जीवनकलहात विषमता हाच खेळाचा नियम असतो आणि दुर्बळ चिरडला जातो. हा नियम समाजातही चालू द्यावा काय? चालू द्यावा, कारण योग्य तोच टिकेल, असे काही म्हणतात. बाबासाहेब विचारतात, की जो योग्य तो समाजाच्या दृष्टीने उत्तम असतोच काय? याची हमी कोणालाच देता येत नाही. म्हणूनच धम्म समता सांगतो, कारण समता असेल तर उत्तम माणूस 'योग्य' नसला तरी टिकू शकतो. समाजाला गरज उत्तमाची आहे. आमच्या मते उत्क्रांतिविचाराच्या नावाने चाललेल्या शंभर वर्षांच्या गोंधळाला याहून नेमके उत्तर नाही.

आमच्या कार्यालयात चहा घेताना एक सहकारी म्हणाले, 'साहेब, निसर्गात कोटा नसतो.' आम्ही म्हटले, 'खरे आहे. पण निसर्गात बापाचा वाडा, शिकवणीची फी आणि मामाचा वशिलाही नसतो.' ते हसले, आम्हीही हसलो. पण घरी येताना आम्हाला आमचीच लाज वाटली. का, ते आता सांगतो.

आपल्या अभ्यासिकेत ३० जागा आहेत आणि यंदा ५२ अर्ज आले. गेल्या सभेत असा प्रस्ताव आला, की ७५ टक्क्यांच्या वर गुण असणाऱ्यांनाच प्रवेश द्यावा. जागा वाया जाऊ नयेत, निकाल चांगला लागावा, स्मरणिकेत फोटो छापता यावेत. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत आम्ही होतो. सहकाऱ्याला जे उत्तर दिले, तेच उत्तर आमच्या प्रस्तावालाही लागू होते, हे ध्यानात यायला आम्हाला आठवडा लागला.

आम्ही नववीत असताना गणितात १०० पैकी २२ गुण मिळाले होते. शाळेत तुकड्या गुणांवर लावलेल्या होत्या आणि आमची शेवटची. तिला सारी शाळा 'ढ' ची तुकडी म्हणे. शिक्षक येत, फळ्यावर उदाहरण लिहीत आणि निघून जात. वस्तीतील रेल्वेत नोकरीला असलेले एक काका संध्याकाळी विहारात दिव्याखाली बसत. त्यांनी आमची गुणपत्रिका मागितली नाही. रेल्वेचे वेळापत्रक पुढे ठेवले आणि विचारले, 'ही गाडी मनमाडला कधी पोहोचेल, सांग.' वेळ, वेग, अंतर आम्ही त्या वेळापत्रकावर शिकलो. दहावीला ६१ गुण पडले. आज रोज संध्याकाळी कॅश जुळते, पैशाचाही फरक राहत नाही, तेव्हा ते काका आठवतात. त्या दिवशी त्यांनी ७५ टक्क्यांची अट घातली असती, तर आज या व्यासपीठावर आम्ही नसतो. आमच्या तुकडीतील जे मित्र त्या दिव्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते अयोग्य होते असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही.

म्हणून आज या सभेसमोर आम्ही आमचा प्रस्ताव जाहीरपणे मागे घेत आहोत आणि त्याऐवजी तीन सूचना मांडत आहोत. एक, ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, त्यांना अभ्यासिकेत पहिली जागा द्यावी, टक्के कितीही असोत. दोन, ज्यांना जास्त गुण आहेत त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी खालच्या वर्गातील मुलांना शिकवावे. शिकवणाऱ्याचे ज्ञान पक्के होते, हा आमचा अनुभव आहे. तीन, गुणगौरव समारंभात पहिल्या क्रमांकांबरोबरच ज्याने गेल्या वर्षापेक्षा सर्वाधिक प्रगती केली, त्याचाही सत्कार करावा. यावर येत्या सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य विरोध करावा, पण कारणे द्यावीत.

विद्यार्थी मित्रहो, उत्क्रांतीचे विज्ञान मन लावून शिका. कोणी ते पुस्तकातून काढले तर वाचनालयातून मिळवा. पण कोणी त्या विज्ञानाचा दाखला देऊन तुम्हाला 'ढ' म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा, की तुमची पट्टी मदत करण्यासाठी आहे, की बाहेर काढण्यासाठी? निसर्गाला करुणा नाही. ती माणसाला शिकावी लागते, आणि ती शिकवणारी शाळा म्हणजेच धम्म.



नमो बुद्धाय! जय भीम!